गोट्यांची बाटली

शंकरतात्या गेल्याचा निरोप आला तेव्हा मी दाढी करत होतो. अर्धी तशीच ठेवून साताऱ्याची गाडी पकडली, तरी उशीरच झाला. त्याला आता महिना होऊन गेला. तात्यांनी काढलेल्या फोटोंबद्दल सगळेच बोलतात. मला बोलायचंय ते माझ्या एका चुकीबद्दल, कारण तात्यांनी ती कधीच कोणाला सांगितली नाही.

लढाईची वर्षं होती. मी शाळेत सायन्स शिकवायचो आणि तात्यांच्या स्टुडिओवरच्या खोलीत भाड्याने राहायचो. पलटणीत निघालेली पोरं जाण्याआधी तात्यांसमोर फोटोला बसत. तेव्हा फोटो काचेवर घेत; ती काच धुऊन चित्र उमटवायच्या औषधात सोडियम सल्फाइट लागे, साखरेसारखी पांढरी पूड. हवा औषधाला खराब करायच्या आत ही पूड ती स्वतःवर घेते. म्हणूनच बरणी उघडी राहिली तर आधी तीच निकामी होते. हे सगळं ठाऊक असूनही मी शहाणा ती बरणी वर्गात घेऊन गेलो. ॲसिडचा थेंब टाकला की जळक्या काडीसारखा वास सुटतो, तो मुलांना दाखवून भाव खाल्ला. बरणी परत ठेवली, बूच धड दाबलं नाही आणि ऐन पावसाळ्यात पंधरा दिवस गावी निघून गेलो.

परतलो तेव्हा तात्यांनी बशीत चिमूटभर पूड घेतली, थेंब टाकला. "हुंगा, मास्तर." वास आला न आल्यासारखा... पूड निकामी झाली होती. बाजारात नवी पूड मिळत नव्हती आणि पेटीत पलटणीतल्या मारुतीची न धुतलेली काच पडून होती. मारुती केव्हाच आगगाडीत बसून गेला होता. त्याची आई सोनाबाई दर बाजाराच्या दिवशी दारात उभी राही. "आवं तात्या, माज्या पोराचं त्वांड कवा दावनार?"

"आहे त्या पुडीवर धुऊन टाका की," मी म्हणालो. माझा जीव टांगणीला लागला होता.

"काच एकदाच धुता येती, मास्तर. पोरगं हितं न्हाई परत बसवाय."

तात्यांनी हट्ट सोडला नाही. सातारा, कऱ्हाड पालथं घातलं आणि शेवटी आम्ही दोघं सांगलीला गेलो. तिथल्या एका फोटोवाल्याने पूड दिली नाही, पण तयार औषध दिलं, तेही बाटलीत अर्धंच. उरलेल्या अर्ध्या बाटलीत हवा. घरी पोचेपर्यंत औषध बिघडून चहासारखं तांबडं झालं असतं. तात्यांनी दुकानातून काचेच्या गोट्या घेतल्या, धुतल्या, पुसल्या आणि एकेक करत आत सोडल्या. औषध चढत चढत गळ्याशी आलं, तेव्हा बुचावर मेण ओतलं. मोटारीत एक जण म्हणाला, "ह्या वयात गोट्या व्हय, पावनं?" तात्या हसले, पण बाटली मांडीवरून हलवली नाही.

काच स्वच्छ धुतली गेली. सोनाबाईने फोटो हातात घेतला. "आगं बया, डोळं मिटल्यात की ह्याचं!" तात्यांचा चेहरा उतरला. ती बघतच राहिली. मग म्हणाली, "निजला की आस्साच दिसतुया," आणि फोटो पदरात गुंडाळला. एवढा उशीर का, असं तिने विचारल्यावर तात्या म्हणाले, "माज्याच हयगयीनं, मावशे. बूच उगडं ऱ्हायलं." मी शेजारी उभा होतो. तोंड उघडलं नाही... लढाईनंतर मारुती सुखरूप परतला, डोळे उघडे ठेवून दुसरा फोटोही काढून गेला, पण सोनाबाईने पहिला काही परत दिला नाही. माझं तोंड मात्र तेव्हाही उघडलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर मी स्टुडिओतल्या काचा धुवायच्या अंधाऱ्या खोलीत गेलो. फळीवर तीच बाटली होती, गोट्यांनी भरत आलेली. तात्या जितकं औषध काढत तितक्या गोट्या आत टाकत. आजारपणात ते राहिलं असावं; औषध गळ्याखाली बोटभर उतरलं होतं. शेजारच्या डब्यातल्या गोट्या धुतल्या, पुसल्या, एकेक करून आत सोडल्या. औषध गळ्याशी आलं. मग मी बूच लावलं, आणि दोनदा दाबून पाहिलं.