खुर्चीच्या हातांना लागलेली हळद

आमच्या घरातलं काहीच आमचं नव्हतं. आयर्लंडमध्ये आधी लेटरकेनी, मग पोर्टलीश, मग गॉलवे. माझं हॉस्पिटल बदललं की घर बदलायचं, आणि प्रत्येक घरात घरमालकाचा सोफा, घरमालकाचा पलंग, घरमालकाची खुरडत उघडणारी कपाटं. आमचे काही खोके तर लेटरकेनीत बांधले ते गॉलवेतही तसेच होते. उघडून पुन्हा बांधायचा मला कंटाळा होता. असं असताना नवरा एका सकाळी चहा पिता पिता म्हणाला की तो नोकरी सोडून जुनं फर्निचर दुरुस्त करायला शिकणार आहे, तेव्हा मला आधी हसू आलं. मग राग आला, आणि तो राग पुढे वर्षभर घरातच राहिला.

कारण मी याला ओळखून होते. पुण्यात आयटी, इथे येऊन मास्टर्स, मग मेडिकल डिव्हाइस बनवणाऱ्या कंपनीत चांगली नोकरी. मधल्या काळात कॅमेरा झाला, घरचा पाव झाला, समुद्रात वल्ही मारणं झालं. एक ना धड भाराभर चिंध्या. सिनेमा लावला तरी हा मध्यंतराच्या आत उठून फ्रिज उघडून येणार. गावाबाहेरच्या एका म्हाताऱ्या कारागिराने त्याला वर्षभरासाठी हाताखाली घेतलं. मी त्या म्हाताऱ्याला उस्ताद म्हणायचे, अर्थात तो समोर नसताना. वर्ष संपत आलं तसा उस्तादाने एका जुन्या खुर्चीचं काम पूर्णपणे नवऱ्यावर सोपवलं. ते कसं होतं ते बघेन आणि मग तुला कायमचं कामावर ठेवायचं की नाही ते सांगेन, म्हणाला. नेमका त्याच सुमारास कंपनीतल्या जुन्या साहेबाचा फोन आला. जागा रिकामी झाली आहे, येतोस का, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळव. माझं म्हणणं होतं की हो म्हण आणि मोकळा हो. मला पक्कं घर हवं होतं, पक्कं गाव हवं होतं, आणि दोघांपैकी एकाची तरी नोकरी जागच्या जागी हवी होती. तो म्हणाला, आधी खुर्ची होऊ दे.

ती खुर्ची अमेरिकन होती. ती दुरुस्तीला देणाऱ्या, जवळच्याच कॉनेमारातल्या बाईंचे आजोबा तरुणपणी बॉस्टनला गेले, उतारवयात परत आले आणि येताना ही विंडसर खुर्ची जहाजातून घेऊन आले. तेव्हाच ती म्हाताऱ्यांपेक्षा म्हातारी होती, अमेरिका हा देश जेमतेम उभा राहत होता त्या काळातली. जेवताना नवरा मला ती समजावून सांगायचा आणि मी एका कानाने ऐकायचे. बैठक पाइनच्या एकाच जाड फळीची, मधे कोरून खोलगट केलेली. पाय मेपलचे. पाठीच्या काड्या हिकरीच्या, करवतीने न कापता लाकडाच्या रेषेनुसार उभ्या फाडलेल्या, म्हणून बोटाएवढ्या बारीक असूनही वाकतात पण मोडत नाहीत. वरची कमान वाफेवर मऊ करून वळवलेली. खिळा नाही, स्क्रू नाही. खडखडीत वाळलेल्या दांड्याचं टोक जरा ओलसर लाकडाच्या भोकात ठोकायचं. ओलं लाकूड वाळत जातं तशी त्याची पकड आवळत जाते. वेगवेगळी लाकडं डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून वरून हिरवा रंग. त्या रंगाला हात लावायचा नाही, हे उस्तादाचं पहिलं आणि शेवटचं सांगणं. लाकूड बदलता येतं, म्हणायचा, जुना पृष्ठभाग एकदा गेला की गेला.

नवऱ्याने मोडलेल्या दोन काड्या नव्या केल्या, एक हलणारा पाय पाचर मारून पक्का केला. वर्कशॉपमध्ये दमट हवा, म्हणून शेवटचे काही दिवस खुर्ची आमच्या घरी, सासूबाईंच्या खोलीत आली.

सासूबाई कोल्हापूरकडच्या. दिवाळीसाठी आल्या होत्या, पण त्यांची खरी हौस खंडेनवमीची. मुलगा कंपनीत होता तेव्हा त्यांनी त्याच्या लॅपटॉपचीच पूजा केली होती. हळदीकुंकवाची बोटं दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने पुसली, विषय संपला. या वेळी मात्र घरात खरीखुरी हत्यारं होती. रंधे, पटाश्या, हातोडी, सगळं त्यांनी टॉवेलवर ओळीने मांडलं, सुपरमार्केटमधली शेवंती वाहिली, वाटीत हळद कालवून एकेकाला बोट लावलं. आम्ही नमस्कार करून जेवायला गेलो. त्या मात्र मागे राहिल्या, आणि त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या खुर्चीकडे गेलं. खुर्चीच्या दोन्ही हातांच्या टोकांवरचा रंग लोकांच्या तळव्यांनी झिजून गेला होता, आतलं लाकूड उघडं पडलं होतं. नेमकं तिथेच त्यांनी एकेक बोट लावलं.

दसऱ्याच्या सकाळी, म्हणजे शुक्रवारी, नवऱ्याने ते पाहिलं. ओल्या फडक्याने टिपलं, पण हळद लाकडात मुरली होती. तो खुर्चीसमोर नुसता बसून राहिला. सासूबाईंना काही कळेना.

"सगळ्या हत्यारांची पूजा केली," त्या म्हणाल्या, "त्या खुर्चीनं काय घोडं मारलंय?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ, ओरडणार कुणावर? नवऱ्याने त्यांना शांतपणे समजावलं. त्या ऐकता ऐकता पलंगावर बसल्या आणि पदराचं टोक बोटांना गुंडाळायला लागल्या. मला राहवेना. मी खोलीतून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून खोलीत अशा खेपा घालत होते. शेवटी मी त्याच्याच पिशवीतून पॉलिश पेपर काढून त्याच्यापुढे धरला. दोन मिनिटांत जाईल, म्हटलं, कुणाला कळणारही नाही.

"जाईल," तो म्हणाला. "आणि तिथे दोनशे वर्षं ज्यांनी हात टेकले तेही जातील."

स्पिरिट लावावं तर शेजारचा रंग सुटणार. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. वर त्याने काय करावं, तर सरळ उस्तादाला फोन लावून सगळं सांगून टाकलं. मी समोरून हातवारे करत नको नको म्हणत होते.  उस्ताद म्हणाला की त्या डागांना काहीही लावू नकोस, उद्या येऊन बघतो. माझ्या मते निकाल लागला होता. उद्या हा माणूस नको म्हणणार, तेव्हा आज कंपनीला हो म्हणून टाक, असं मी बोलूनही दाखवलं. आगीतून फुफाट्यात कशाला जायचं? नवरा पुन्हा खुर्चीवर वाकला. बोलल्या त्या सासूबाई.

"हळद उन्हात उडती. उन्हात ठेव की तिला."

हे मलाही माहीत होतं. लग्नात हळदीने डागलेल्या साड्या आईने उन्हात वाळत घालूनच स्वच्छ केल्या होत्या. पण इथे ऊन कुठून आणायचं? खिडकीबाहेर गॉलवेचा ऑक्टोबर होता, सकाळी दहालाही दिवे लावून बसायचा. नवऱ्याचा फोन घेऊन मी पावसाचा नकाशा उघडला. सगळीकडे निळं, फक्त पश्चिमेला समुद्रालगत एक मोकळी फट सरकत होती. चला, म्हटलं. मला घरात बसवतच नव्हतं.

सासूबाई पुढे बसल्या, स्वेटरवर स्वेटर घालून. मागे मी आणि गोधडीत गुंडाळलेली खुर्ची. किनाऱ्याच्या रस्त्याने निघालो. पहिल्या ठिकाणी ऊन दिसलं म्हणून गाडी थांबवली, खुर्ची उतरवून गवतावर ठेवेपर्यंत ढग आला. पुन्हा गोधडी, पुन्हा गाडी. पुढच्या गावात चर्चमागे ऊन होतं, तिथे थोडा वेळ मिळाला, मग सर आली. कुत्रा फिरवणाऱ्या एका माणसाने थांबून चौकशी केली, की बाईसाहेब हवा खायला निघाल्यात का. तो खुर्चीबद्दल विचारत होता. नवऱ्याने त्याला हळदीची सगळी कथा सांगितली. तो म्हणाला की मग पुढे खाडीपाशी जा, तिथे दुपारी उघडतं, आणि मान हलवत निघून गेला. मी सारखी वाकून ते डाग बघत होते, फिके झाले का, झाले का.

"अगं, पी हळद नि हो गोरी, असं कुठं असतंय का?" सासूबाई म्हणाल्या.

खाडीपाशी खरंच उघडलं. ऊन कसलं, तिरपं आणि पातळ, पण टिकणारं. वारा इतका की खुर्ची कलंडायला लागली. नवरा ओल्या गवतावर गुडघे टेकून बसला, दोन्ही हातांनी तिचे पाय धरले आणि खुर्चीचे हात सूर्याकडे येतील अशी ती किंचित वाकवून धरून राहिला. ऊन सरकलं की तीही सरकवायची. सासूबाई गाडीत घोरत होत्या. मी रस्त्यावर येरझाऱ्या घालत होते, नकाशा बघत होते, घड्याळ बघत होते. कंपनीला कळवायची संध्याकाळ होत आली होती, आणि मला तेच हवं होतं आणि त्याचीच भीतीही वाटत होती.

एका फेरीत मी त्याच्याकडे नीट पाहिलं. पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती, नाक लाल झालं होतं. किती वाजले हे त्याने दिवसभरात एकदाही विचारलं नव्हतं. ढग आला की खुर्ची तशीच धरून ढग जाण्याची वाट बघायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाला कशापाशी असं थांबलेलं मी पाहिलं नव्हतं. मला एकदम रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. डाग अजून होते. फिके, पण होते. उद्या उस्ताद काय म्हणेल ते कुणालाच माहीत नव्हतं.

तेवढ्यात माझ्या हातातला त्याचा फोन वाजला. कंपनीतला साहेब. मी जवळ जाऊन त्याला नाव दाखवलं.

"हात मोकळे नाहीत," तो म्हणाला. "नंतर करतो म्हणून सांग."

मी फोन उचलला. साहेब सौजन्याने बोलला, शुक्रवारची आठवण करून दिली, आणि काय ठरलं म्हणून विचारलं. मी म्हटलं, तो येणार नाही. त्याला दुसरीकडे काही मिळालं का, साहेबाने विचारलं. मी म्हटलं, हो. आत्ता बोलता येईल का त्याच्याशी? मी म्हटलं, नाही, तो कामावर आहे.

फोन ठेवला. नवऱ्याने सगळं ऐकलं होतं. आता काहीतरी बोलेल म्हणून मी त्याच्यासमोर उभी राहिले.

"जरा बाजूला हो," तो म्हणाला, "तुझी सावली पडतेय."

मी बाजूला झाले.