काकूंना झेलता येईल अशी रिंग

पृथ्वीवरची प्रत्येक गोल वस्तू मुळात उडण्यासाठी जन्माला आली आहे आणि आपण उगाच तिच्यात जेवतो, तिने डबे झाकतो नाहीतर ती हातात घालतो, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला आजवर भेटला, आणि तो नेमका माझ्या डोक्यावर राहत होता. म्हणजे बँकेच्या बदलीवर मी एकटी जयपूरला आले, विद्याधर नगरात खोल्या घेतल्या, तेव्हाचे वरच्या मजल्यावरचे काका. मूळचे नागपूरचे, रेल्वेच्या सिग्नल खात्यात, निवृत्तीला दोनेक वर्षं उरलेली. खाली मराठी मुलगी आली आहे एवढं कळताच पहिल्याच संध्याकाळी जेवायचं बोलावणं आलं. ताटात पोळी पडली तशी काकांनी ती उचलली, डोळ्यांसमोर आडवी धरून कडेने बोट फिरवलं आणि खिन्नपणे म्हणाले, "मधात जाड झाली. ही काही दूर जात नाही." "पोटात गेली तरी पुरे," काकू आतून म्हणाल्या. त्या आवाजात राग नव्हता, सवय होती.

त्या घरात प्लास्टिकच्या एकाही डब्याला अखंड झाकण नव्हतं. मधली चकती कापून काकांनी कडा तेवढ्या उडवायला नेल्या होत्या, आणि काकू साखरेवर वाटी, डाळीवर बशी आणि शेवेवर रेल्वेचं जुनं वेळापत्रक ठेवून नेटाने संसार करत होत्या. पण हे वेड काही हवेतून आलेलं नव्हतं. काकू कॉलेजात रिंग टेनिस खेळायच्या. जाळीपलीकडून येणारी रबरी रिंग झेलायची आणि त्याच हाताने परत टाकायची, हा तो खेळ. काकांनी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेच मैदानावर, झेप घेऊन डोक्यावरून रिंग काढताना. लग्नानंतरही प्रत्येक रेल्वे कॉलनीत काकूंनी जाळी बांधून घेतली. मग जयपूरला आल्या त्याच वर्षी जिन्यावरून पडल्या आणि उजवा खांदा असा धरला, की हात छातीच्या वर जाईना. डॉक्टर झाले, शेक झाले, मालिश झालं. शेवटी काकूंनी रिंग माळ्यावर टाकली आणि "माझं खेळणं संपलं" म्हणून विषय बंद केला. काकांनी तो बंद होऊ दिला नाही. हात वर जात नाही ना, मग रिंग वर जाणार नाही, असं त्यांनी ठरवलं. छातीच्या उंचीवरून सरळ, सावकाश तरंगत येईल आणि आपण होऊन हातात बसेल अशी रिंग करायची. मी भेटले तेव्हा त्या ठरवण्याला सहा वर्षं झाली होती, आणि काकू एकदाही गच्चीवर आल्या नव्हत्या. "झाली की सांगा," एवढंच म्हणायच्या.

तोवर झेलायला मी. बँकेतून दमून यावं, चहाचा कप हातात घ्यावा, तोच वरून हाक यायची, "येऊन राहिली का वो?" मला झेलता बऱ्यापैकी यायचं, फेकता मुळीच यायचं नाही, त्यामुळे झेललेली रिंग मी गच्चीभर चालत काकांच्या हातात नेऊन द्यायची. बहुतेक वेळा झेलण्याचाही प्रश्न नसे. सुटलेली रिंग आधी छान यायची, मग नाक वर करायची आणि डावीकडे कलंडून शेजाऱ्यांच्या टाकीमागे जायची. असं का, हे काका मला लग्नाच्या पंगतीवरून समजावत. "पाहा, पुढची कड हवेले आधी भिडते. पोटभर जेवते आणि हवा खाली ढकलून देते. मागच्या कडेले मिळते उष्टी हवा. मतलब पुढची टरटरून फुगली, मागची उपाशी. मग नाक वर जाणारच ना! फिरती आहे म्हणून ती मागे उलटत नाही, बाजूले कलते." उपाय पंगतीचाच होता. मधलं सगळं काढून टाकायचं, नुसती कड ठेवायची, आणि कडेला बाहेरून एक बारीक ओठ लावायचा, म्हणजे पुढची चार घास कमी जेवते आणि मागचीला पुरतं. किती कमी, हीच सगळी गोम. बोलता बोलता काका मध्येच थांबत. समोर नाहरगडची टेकडी जांभळी होत असे, गच्च्यांवरचे कपडे हलायचे थांबत, आणि हातातली रिंग तशीच धरून हा माणूस रिकाम्या हवेकडे बघत राही. तिथे काय आहे हे मला कधी दिसलं नाही, पण मीही बघत राहायचे. चहा थंड व्हायचा.

संक्रांतीला अख्खं जयपूर पतंग घेऊन गच्चीवर चढतं. त्या दिवशी रिंग बाहेर काढू नका, असं मी परोपरीने सांगितलं. "दोरी बांधून कोणी उडते काहो?" म्हणत काकांनी ती सोडलीच. पलीकडच्या मांज्यात ती अडकली, आणि पतंग कापल्यासारखा सगळा मोहल्ला "वो काटा!" म्हणून ओरडला. काका दोन दिवस गच्चीवर फिरकले नाहीत. "आपण लढूनच नव्हतो राहिलो," तिसऱ्या दिवशी म्हणाले.

हलकी रिंग त्यांना चपलांच्या स्पंजात सापडली, पण वजन कडेला नसेल तर तिचं फिरणं टिकत नाही. म्हणून ओठ लाखेचा करायचं ठरलं, आणि आम्ही जुन्या शहरात बांगड्या करणाऱ्या एका म्हाताऱ्या मनिहारणीकडे गेलो. तिने शेगडीवर लाख फिरवत माप विचारलं. "दस इंच," काका म्हणाले. "हाथ का नाप पूछ रही हूँ साहब, कमर का नहीं. किसके लिए चाहिए?" "घरवाली के लिए." "इतनी बड़ी पहनेगी कैसे?" "पहनेगी नहीं. मैं दूर से फेंकूँगा, वो पकड़ेगी." म्हातारीने माझ्याकडे पाहून हळूच विचारलं, "घर में सब ठीक है ना?" मग काकांनी खांद्याची सगळी हकीकत सांगितली. तिने लाख खाली ठेवून ती ऐकली, आणि कडं इतकं एकसारखं वळून दिलं, की काकांनी ते घरी येईपर्यंत रिक्षात मांडीवर धरून ठेवलं.

फेब्रुवारीतल्या एका निवांत संध्याकाळी मीच खाली जाऊन म्हणाले, "काकू, झाली." त्या पदराला हात पुसत वर आल्या, गच्चीच्या टोकाला उभ्या राहिल्या आणि परीक्षा घ्यायला आल्यासारखं तोंड करून त्यांनी दोन्ही हात छातीशी धरले. पहिली फेक शेवटी डावीकडे पडली. काकू जिन्याकडे वळल्या. काकांच्या चेहऱ्याकडे माझ्याने बघवेना. "थांब ना अगं, एकच मिनिट," ते म्हणाले. खिशातली मेणबत्ती पेटवून त्यांनी चमचा तापवला, लाखेवरून फिरवला, ओठ सगळीकडून केसभर उचलला. पुढचीचा अजून एक घास कमी. मग फेकली.

ती आली. घाई नव्हती तिला. वर गेली नाही, कलली नाही, संध्याकाळच्या उजेडातून फिरत फिरत आली आणि काकूंच्या तळव्यात टेकली. काकूंनी बोटं मिटली. माझे डोळे भरून आले होते, आणि काका आता पुढे काय करायचं हे माहीत नसल्यासारखे नुसते उभे होते.

पुढचं काकूंना माहीत होतं. त्यांनी रिंग डाव्या हातात घेतली आणि परत फेकली. सुरेख आली. काकांनी दोन्ही हात पसरले, डोळे मिटले, आणि रिंग त्यांच्या चष्म्यावर आपटून खाली पडली. "मले नाही येत झेलता," ते ओशाळून म्हणाले. इतक्या वर्षांत कोणी त्यांना परत फेकलीच नव्हती. काकू इतक्या हसल्या की त्यांना कठड्याचा आधार घ्यावा लागला. मग पदर खोचून म्हणाल्या, "डोळे उघडे ठेवा. बोटं सैल. उचला ती, पुन्हा फेकते."

निवृत्तीनंतर ती दोघं नागपूरला गेली, माझीही बदली झाली. मध्यंतरी फोन केला तेव्हा विचारलं, आता किती झेलता? "दहात तीन," काका अभिमानाने म्हणाले. "दोन!" मागून काकूंचा आवाज आला. "पण शिकतील. मी फेकूनच राहिली आहे." फोन ठेवल्यावर मला त्या दोघांचा फार हेवा वाटला.