टोपावर माळलेला मोगरा

पाचव्या महिन्यात छातीत गाठ हाताला लागली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "दुधाची असन वं, काहून जिवाले घोर लावून घेतं?" मलाही तेच ऐकायचं होतं. तपासणीत कॅन्सर निघाला.

गरोदरपणातही औषध देता येतं, बाळाला सांभाळून देऊ, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. माझं डोकं भडकलेलं. विचारलं, "मग माझ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी काय झोपा काढत होत्या?" त्या हसल्या नाहीत, समजावू लागल्या. बाळ अर्धं बापाचं, म्हणजे शरीराच्या लेखी परकंच. त्याला हाकलू नये म्हणून या पहारेकरी पेशी गर्भापुरतं नमतं घेतात. कॅन्सरही त्यांना तशाच खुणा करून गप्प बसवतो.

"म्हणजे कुंपणच शेत खातं?"

"खात नाही. फाटक उघडं राहतं. आणि नीट ऐका, गाठ बाळामुळे झालेली नाही."

हे शेवटचं वाक्य मी घरी तीनदा सांगितलं. सासूबाईंनी आधी दार लावून घेतलं. "तुले पटलं, मले पटलं. लोकाईले कोन समजावन? पोटात आलं अन् मायले रोग लागला, म्हणतीन. लेकराच्या पायगुणाले जनमभर नावं ठेवतीन. झाकली मूठ सव्वा लाखाची." नवरा हिंगण्याच्या कारखान्यातली पाळी करून आलेला, बूटही काढले नव्हते. तो आईकडे बघत राहिला. आणि मी हो म्हटलं. माझ्या लेकराला कुणी पांढऱ्या पायाचं म्हणू नये, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

बाहेर सांगितलं, बाळाची वार खाली आहे, झोपून राहायला सांगितलंय. झालं, नंदनवन वस्तीतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत मी कोंडली गेले. बेल वाजली की आत पळायचं. औषधाने केस गेले, तर नवऱ्याने सीताबर्डीहून केसांचा टोप आणला. गॅलरीत जायचं तरी आधी तो चढवायचा. आपलीच मोरी अन् मुतायची चोरी! ओकारी आली तर शेजारीण भिंतीपलीकडून ओरडायची, "सातव्यातही उलट्या? पोरगीच हाय!" रडायचं तेही नळ सोडून. कधी बाळाचाच राग यायचा, मग त्या रागाची लाज वाटायची, आणि ते आतून लाथ मारायचं.

डॉक्टरबाईंनी बजावलं होतं: डोसनंतरचा दुसरा आठवडा जपायचा, तेव्हा पांढऱ्या पेशी अगदी कमी होतात. गर्दी नको, फुलं नकोत, कुणाच्या हातचं नको. ताप आला तर तुमच्याइतकाच बाळालाही धोका. आणि नेमकं त्याच आठवड्यात डोहाळजेवण. सातव्यात ओटी भरली नाही तर लोक विचारणारच ना, म्हणून. "दहा बाया, अर्धा घंटा," सासूबाई म्हणाल्या. हिरवं लुगडं नेसवलं आणि टोपावर मोगऱ्याची वेणी माळली, पिना खोचून खोचून. घट्ट बसली का, म्हणून त्यांनी दोनदा ओढून पाहिली.

कामठीच्या आत्याबाई आल्या. माझ्या नवऱ्याला लहानपणी यांनीच सांभाळलेलं. त्या खोकत होत्या. तोंड पदराला पुसलं आणि त्याच हाताने पुरणपोळीचा तुकडा मोडून माझ्यासमोर धरला. "आ कर वं माय."

मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनीही खोकला ऐकला होता. त्यांनी मान खाली घातली.

बाया हसायला लागल्या. "लाजून काय राहिली वं!" मला कॅन्सर आहे, लांब राहा, एवढं म्हटलं असतं तर पुरे होतं. टोपाखाली घामाच्या धारा लागल्या होत्या. तुकडा ओठांपाशी.

मी आ केला.

तिसऱ्या दिवशी ताप चढला आणि सातवा सरायच्या आत कळा सुरू झाल्या. मुलगी झाली, तळहातावर मावेल एवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. ताप त्या घासाने आला, फुलांनी आला की नुसताच आला, हे डॉक्टरबाईंना सांगता आलं नाही. पोरगी वाचली, मीही वाचले. आज ती चार वर्षांची आहे. डाव्या कानाने तिला ऐकू येत नाही. मी सवयीने उजवीकडून हाक मारते.

ती पेटीत असतानाच दवाखान्यात नवऱ्याने शेवटी आत्याबाईंना सारं सांगितलं. त्या काचेपर्यंत आल्याच नाहीत. पदर तोंडावर दाबून जिन्यापाशीच थांबल्या. तिथूनच मला म्हणाल्या, "मले सांगतलं असतं त मी दारातूनच ओटी भरली असती वं."

दारातूनच. एवढंच करायचं होतं.