दुसऱ्या हाकेला ओ

दादाचा फोन आला तेव्हा मी बुलढाण्याला ऑफिसात जेवणाचा डबा उघडत होते. "सुमे, अर्चना गेली," एवढंच तो म्हणाला. खरं सांगायचं तर कोण गेलं हे मला लगेच उमगलंच नाही. वहिनीला मी कायम वहिनीच म्हणायची, आणि गेल्या वर्षभरात माझ्या मनात तिचं नाव दुसरंच बसलं होतं. मग एकदम कळलं आणि डब्याचं झाकण हातातच राहिलं. दोन वर्षं ती डायलिसिसवर होती. आठवड्यातून दोनदा उंद्रीहून चिखली, चिखलीहून बुलढाणा अशी बसनं यायची, दवाखाना आटोपला की माझ्याकडे तासभर टेकायची आणि परत जायची. ती फार दिवसांची सोबती नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी त्या दिवशी तिनं अंगण झाडलं, चहा ठेवला, आणि चहाला उकळी यायच्या आत तिथंच कलंडली. आता दीड महिना झाला. लोक भेटतात, तिच्या हाताच्या चवीबद्दल बोलतात, सोशिकपणाबद्दल बोलतात. मी मान हलवते. मला जे सांगायचं आहे ते तिच्या नावाबद्दल आहे, आणि त्यात माझी बाजू चांगली नाही.

लग्नात नवरीचं नाव बदलायची आमच्याकडे रीत. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, नवरीनं ते वाचायचं, पेढे वाटायचे, झालं. वहिनी सुलतानपूरची, माहेरचं नाव गिरजा. माझ्या आईला ते पसंत पडलं नाही. "म्हाताऱ्या बाईसारखं नाव हाय, बदला," म्हणाली. नवं नाव सुचवायचा मान माझा, कारण मी एकुलती एक नणंद. मी बारा वर्षांची होते. आमच्या वर्गात अर्चना नावाच्या मुलीकडे वासाचं खोडरबर होतं आणि त्यापायी ती मला फार थोर वाटायची, म्हणून मी अर्चना म्हणाले. एका माणसाचं जन्मभराचं नाव मी खोडरबरावरून ठरवलं! दादानं ते तांदळात लिहिलं. वहिनी वाकून बघत राहिली. "वाच ना वं," आई म्हणाली. तिनं वाचलं, पण दुसऱ्या कुणाला आलेलं पत्र वाचावं तसं.

त्यानंतर पस्तीस वर्षं ती दुसऱ्या हाकेला ओ देत राहिली. "अर्चनाऽ" अशी पहिली हाक गेली की काही नाही. दुसरी गेली की मग "आली, आली" करत धावायची. "बहिरी हाय काय हे बाई?" आई कपाळाला हात लावायची. ती बहिरी नव्हती, शेजारच्या घरात बाळ कुरकुरलं तरी तिला ऐकू यायचं. मीही तिची नक्कल करून सगळ्यांना हसवायची, आणि तीसुद्धा हसायची. आंदणात आलेल्या भांड्यांपैकी एका पितळी परातीला मात्र ती कुणाला हात लावू द्यायची नाही. परातीच्या काठावर तिच्या वडिलांनी कासाराकडून अक्षरं घालून घेतली होती, "चि. गिरजा हीस, सुलतानपूर." बाकी परात ती चिंच लावून खसाखसा घासायची, काठावरून मात्र हात हलका फिरायचा. मी हे रोज पाहत होते, पण त्याचा अर्थ लावावा असं कधी वाटलं नाही.

डायलिसिस सुरू झाल्यावर शेतातलं काम सुटलं, रोजचा स्वयंपाकही सुनेकडे गेला. वहिनी नुसती बसून राहायला लागली. तिला चैन पडावं म्हणून मीच एका रविवारी उंद्रीला जाऊन तिच्या सरगुंड्यांचा व्हिडिओ काढला, समोर कणकेला तीच पितळी परात. वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, कणकेची अगदी बारीक वळी बोटांनी काढत काढत काडीला गुंडाळायची, मग काडी अलगद ओढून घ्यायची आणि ती नळी उन्हात वाळवायची. आंब्याच्या रसात हे सरगुंडे म्हणजे जावयाचा मोठा मान. तिचा हात असा चालायचा की बघणाऱ्याला वळी आपोआप निघतेय असं वाटावं. मी व्हिडिओच्या ॲपवर खातं उघडलं, नाव टाकलं 'अर्चना उंद्री'. बघणारे वाढले. दादा चिखलीला गेला की हॉटेलात चारचौघांना मोबाईल दाखवायचा. "उंद्रीचं नाव होऊन राह्यलं," म्हणायचा.

एके दिवशी दवाखान्यातून आल्यावर वहिनी माझ्याकडे भिंतीला टेकून बसली होती. सुईच्या हातावर पट्टी होती. म्हणाली, "ताई, त्याच्यातलं माह्यं नाव बदलता येते काय?"

"येतं की. काय टाकू?"

"गिरजा. गिरजा सुलतानपूर."

मी तिच्याकडे बघितलं. ती पट्टी चाचपत होती. मी खातं उघडलं, पेन्सिलीचं चिन्ह दाबलं, जुनं नाव पुसून नवं लिहिलं आणि 'जतन करा' दाबलं. मोबाईल तिच्यापुढे धरला. ती बराच वेळ बघत राहिली, मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. "इतकंच? ना तांदूय, ना आंगठी?" नंतर हळूच म्हणाली, "माह्यी एक मैतरीण होती, कौसल्या. सातवीपर्यंत संगं होतो आम्ही. तिचं लगन झालं, मंग माह्यं झालं... अर्चना म्हनून तिले मी कशी सापडीन? जाण्याच्या आंधी एकदा भेटली पायजे, बस."

तीन आठवडेही झाले नसतील, एका व्हिडिओखाली कौसल्यानं लिहिलं. 'तू सुलतानपूरची गिरजा का? शाळेमागच्या बोरीची?' मी वाचून दाखवलं तेव्हा वहिनीनं मोबाईल माझ्या हातून ओढूनच घेतला. आजारात पहिल्यांदा तिच्या अंगात इतकं बळ बघितलं. उत्तर मला लिहू दिलं नाही, स्वतः एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'हो मीच. कुठं हायस'. दोन दिवसांनी जबाब आला. मोबाईल माझा नाही, सुनेचा आहे, सून बाळंतपणाला माहेरी चालली, आली की तिला विचारून नंबर लिहिते, तू व्हिडिओ टाकत राहा, मी बघते. त्या दिवशी डायलिसिसच्या खुर्चीवर वहिनी झोपली नाही. शेजारच्या खुर्चीवरच्या आजीला बोरीची गोष्ट सांगत बसली.

त्याच आठवड्यात नात्यातल्या एका लग्नात कुणीतरी दादाची खोडी काढली. "काय भाऊ, वहिनीनं तुमचं नाव टाकलं काय? माहेरचं लावून राह्यली म्हंतेत!" चेष्टाच होती. पण दादा तणतणत माझ्याकडे आला. बसलाही नाही.

"म्या ठेवलेलं नाव वंगाळ हाय काय? पस्तीस वर्सं झाली, अन् आता लोकाइले तमाशा?"

"दादा, तिची मैत्रीण..."

"मैतरीण-बैतरीण काई नाई. तू लावलं, तूच काढ. तिले बोलू नोको, उगाच तब्येत बिघडन."

मी सरकारी नोकरी करते, साहेबासमोर दोन शब्द बोलते, पण दादासमोर मी अजून बारा वर्षांचीच असते. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी नाव परत 'अर्चना उंद्री' केलं. मनाला म्हटलं, महिनाभरानं दादा विसरला की पुन्हा गिरजा करून देऊ, बटणच तर दाबायचंय. वहिनीला सांगितलं नाही. ती दर खेपेला विचारायची, "ताई, कौसल्याचं काई आलं काय?" आणि मी म्हणायची, "नाही अजून. सून यायची असेल." हे खोटं नव्हतं, खरंच काही आलं नव्हतं. अशा खऱ्याची मला आज शिसारी येते.

दोन महिन्यांनी दादा निवळलासा वाटला तेव्हा मी ते नाव पुन्हा लावायला गेले. 'हे नाव उपलब्ध नाही.' सोडलेलं नाव ठरावीक दिवस राखून ठेवतात आणि मग मागेल त्याला देतात, हे मला तेव्हा कळलं. ते कुणा पोरीनं घेतलं होतं, ती नाचाचे व्हिडिओ टाकायची. तिची काय चूक? नावापुढे एखादा आकडा जोडून मला अजूनही गिरजा लावता आलं असतं. नाही लावलं. कारण मग वहिनीला सांगावं लागलं असतं की मध्यंतरी मी काय केलं. मी भ्याले, हे सरळ लिहून टाकते.

तेरवीनंतर तिचं एक लुगडं घेऊन मी सुलतानपूरला तिच्या भावाकडे गेले. कौसल्याचं विचारलं तर भाऊ म्हणाला, ती इतकी वर्षं परमुलखात होती, हल्लीच दोन कोसांवर सासरच्या गावी परत आली आहे, निरोप पाठवतो. दुपारी ती आली. वाळलेली, उंच बाई, कुंकू मोठं. मी वहिनी गेल्याचं सांगितलं. ती उंबऱ्यावर बसली.

"मी रोज सांजच्याले सुनेच्या मोबाईलात बोलो, गिरजा सुलतानपूर दाखव म्हनो. दुसरीच पोरगी नाचे. पाच-सा दिस पायलं, मंग सोडलं. मले वाटलं, मोठ्या घरची झाली, मले टायलं तिनं." मग म्हणाली, "तिच्या श्रद्धांजलीचा बोर्ड म्या चिखलीच्या स्टँडवर पायला, बाई. चेहरा वळखीचा वाटला, पन नाव अर्चना लिवलं होतं. फोटोतल्या बाईले हात जोडले अन् बसमंदी बसली..."

मी सगळं सांगून टाकलं. नाव मी बदललं, दादाच्या सांगण्यावरून, तिच्या नकळत. मला वाटलं ती शिव्या देईल, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, "मंग तिले वाटलं असन, म्याच लिवलं नाई?" मी हो म्हणाले. ती उठली आणि पदर डोक्यावर घेऊन निघून गेली. चहा तसाच राहिला.

परवा घरी मी मोबाईल घेऊन बसले आणि वहिनीचे सगळे व्हिडिओ लावले, पहिल्यापासून. सुरुवातीच्या व्हिडिओंत परात कशीही ठेवलेली आहे, कधी काठ भिंतीकडे, कधी तिच्या मांडीकडे. नाव मी परत बदललं त्यानंतरचे सहाही व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा बघितले. सहाही व्हिडिओंत काठाची ती बाजू समोर आहे. चिंच लावून लखलखीत केलेली, आणि अक्षरं स्पष्ट. तिला इंग्रजी येत नव्हतं, ॲप समजत नव्हतं, पण आपलं नाव कुठं आहे आणि कुठं नाही एवढं ती वाचू शकत होती. तिला माहीत होतं. मला ती शब्दानं बोलली नाही, दर खेपेला माझ्या हातचं जेवली, कौसल्याचं काही आलं का विचारत राहिली आणि माझं "नाही अजून" ऐकून घेत राहिली.

शेवटचा व्हिडिओ ती जायच्या आठ दिवस आधीचा. हात सुजले होते, वळी सारखी तुटत होती. चार सरगुंडे केले आणि थांबली. मी तो व्हिडिओ गडबडीत टाकला होता, त्यात माझा आवाज राहून गेला आहे हे मला माहीतच नव्हतं. मोबाईल धरून मी म्हणते आहे, "वहिनी, परात जरा फिरवा ना. ते नाव मधात येऊन राह्यलं." ती काडीवरून नजर वर करत नाही. परातीला हात लावत नाही.

"येऊ द्या, ताई," म्हणते.