आभाळाला जा म्हणाले

आमच्या घरात सासूपेक्षा इन्व्हर्टरचा धाक मोठा होता. चौसाळ्याच्या शिवारातल्या आमच्या वस्तीवर विजेचे खांब आलेच नव्हते. छपरावर सोलरच्या प्लेटा, कोपऱ्यात बॅटऱ्या, आणि त्यांच्या जिवावर चालणारा एक मोठा फ्रीझर. दुष्काळात दूध आटलं तशी दूध संस्थेची गाडी दिवसाआड येऊ लागली, म्हणून वस्तीवरच्या पाच घरांचं दूध त्या फ्रीझरमध्ये राहायचं. तो चालू असताना मिक्सर लावला की इन्व्हर्टर बोंबलायचा आणि सगळंच बंद पडायचं. माहेरहून आलेला मिक्सर मी कपाटावर ठेवला आणि चटणी पाट्यावर वाटू लागले. इस्त्रीचं तर नावच नको.

त्या पावसाळ्यात दोन नक्षत्रं कोरडी गेली. उन्हाला मात्र तोटा नव्हता, त्यामुळे दूध टिकायचं. तरी एकदा बॅटरीनं दगा दिला आणि एका खेपेचं दूध नासलं. गाडीवाला तोंडावर म्हणाला, "वैनी, आनखी एक डाव नासलं तर गाडी इकडं वळायची न्हाई." पाचही घरांच्या चुली त्या दुधावर पेटत होत्या.

आणि मग आभाळ आलं.

सगळी वस्ती अंगणात जमली. सासूबाईंनी घागरी, घमेली, अगदी कढईसुद्धा वळचणीखाली मांडली. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आबाळ आलंय, अन् तुजं तोंड कावून उतरलंय गं?"

काय सांगणार? प्लेटांवर सावली पडली होती.

दुसऱ्या दिवशीही तसंच काळं आभाळ, आणि थेंब एक नाही. मी फ्रीझरवर सगळ्या गोधड्या टाकल्या, झाकणाला कुणाला हात लावू दिला नाही, पंखा आणि दिवे बंद ठेवले. दुपारी इन्व्हर्टर टूं टूं करायला लागला. गाडी यायला अजून एक अख्खी रात्र होती. छपरावर चढून मी पदरानं प्लेटा पुसत सुटले. मग वर बघून ओरडले, "जा ना आता! जा!"

खाली सासूबाई घमेलं सरकवत होत्या. त्यांचा हात थांबला. त्यांनी वर बघितलं नाही.

तासाभरात वारा सुटला, आभाळ पांगलं, ऊन पडलं. फ्रीझर घरघरला. दूध टिकलं आणि सकाळी गाडी घेऊन गेली.

पाऊस मात्र परत आला नाही. चारा संपला तशा वस्तीवरच्या म्हशी बाजारात गेल्या. आभाळ कुणाचं ऐकून जात नाही, एवढं मी शाळेत शिकले होते. तरी दावणीची एकेक म्हैस सुटली की वाटायचं, ही मीच हाकलली. कुणाला सांगायची हिंमत नव्हती. सासूबाई एकदा रागानं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या गप्पच.

शेवटी आमचीही म्हैस गेली. त्या दुपारी ऊन रणरणत होतं, बॅटऱ्या भरलेल्या होत्या आणि फ्रीझर रिकामाच घरघरत होता. सासूबाईंनी झाकण उघडलं, आत हात घातला. "लई गार हाय," म्हणाल्या. "बंद कर आता."

मी बटणाकडे गेले, तेव्हा त्या पाठीमागून म्हणाल्या, "त्या दिवशी तुजं वराडनं मी ऐकलं व्हतं."

मला मागे वळवेना.

"घमेलं मांडता मांडता मीबी मनात तेच म्हनत व्हते, पोरी."