आंबलेली चटणी

पालीच्या एका टपरीवर माझ्या वड्याबरोबरची खोबऱ्याची चटणी आंबलेली निघाली. तक्रारीचं पत्र मी शाळेत इंग्रजीतून उत्तम लिहायचे, पण तोंडानं बोलायचं म्हटलं की मी माघार घेते. मी चटणी गुपचूप बाजूला सारली. तेवढ्यात गड उतरून आलेली पंधरा-वीस पोरं भुकेजून बाकांवर बसली. आता हीच चटणी त्यांना वाढली जाणार होती.

माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या. त्यांनी बोटावर चटणी घेतली, हुंगली आणि मालकाला हाक मारली.

"दादा, हितं बसा. पयला घास तुमी घ्या."

"आजी, सकाळीच वाटलीय."

"मग खावा की. लाजताय कशाला?"

"माझं पोट भरलंय."

आजी एकदम माझ्याकडे वळल्या. "पोरी, तुलाबी वास आला ना? मग सांग की!"

सगळी टपरी माझ्याकडे बघायला लागली.

"आला," मी म्हणाले.

मालकानं मान खाली घातली. "कालची हाय," म्हणत त्यानं चटणीचं पातेलं उचललं आणि मागं नेऊन उकिरड्यावर ओतलं.

आजी निवांत कोरडा वडा खाऊ लागल्या. मिरचीचा तुकडा मोडत त्यांनी मला कोपरानं ढोसलं. "वडा लई झ्याक हाय. त्येबी तूच सांग."

"काका, वडा छान झालाय!" मी ओरडलेच.

पोरांनी टाळ्या वाजवल्या.