पिवळी झावळी

आमच्या डोंबिवलीच्या अंगणातला माड वडिलांनी लावला होता. गाव सोडताना आजीने कोंब फुटलेला नारळ त्यांच्या हाती दिला आणि म्हणाली, "ह्याचा पहिला नारळ मला आणून दे." वडील शब्दाचे पक्के. पण हा शब्द माडाने पाळायचा होता, आणि पाच वर्षांचा झाल्यावर माड पिवळा पडू लागला.

वडील ठाण्याला कचेरीत कारकून होते. कागदावर शाईचा डाग त्यांना खपत नसे, तसं अंगणात पिवळं पान खपत नसे. दर रविवारी कोयता घेऊन ते खालची पिवळी झावळी उतरवत. पुढच्या रविवारी तिच्यावरची पिवळी झालेली असे. शेवटी शेंड्याला चार-पाच झावळ्या उरल्या, त्याही मलूल. आजीच्या पत्रात मात्र 'माड उत्तम आहे' असंच जाई. ते वाक्य लिहिताना त्यांचा टाक थबकायचा, आणि मला त्यांची फार दया यायची.

शेजाऱ्यांकडे खाडीवरून एक कोळीण मासळी घेऊन यायची. आम्ही कट्टर शाकाहारी, त्यामुळे आमच्या फाटकाकडे ती बघतही नसे. एकदा मात्र उतरवलेल्या झावळ्यांचा ढीग बघून ती थांबली. पाटी खाली ठेवून आईला म्हणाली, "बाय, पिवली झावली कापतं कोन?"

"आमचे हे."

"त्यांना सांग, कापू नुको. ह्यो माड उपाशी हाय. म्हातारी झावली आपल्यातलं काढून नव्या कोंबाला देते. तीच कापली तं कोंबानं खावाचं काय? बुडात मासलीचा कुटा घाल, राख घाल, मूठभर मीठ घाल."

कुटा म्हणजे काय, असं आईने विचारलं. सडक्या सुक्या मासळीचा चुरा, हे उत्तर ऐकून तिने पदर नाकाला लावला. दोन दिवस ती येता-जाता माडाच्या शेंड्याकडे बघत होती. तिसऱ्या दिवशी वडील कचेरीत गेल्यावर एका जुन्या लुगड्यावर सौदा ठरला. कोळणीने बुंध्यापासून दोन हात लांब चर खणून टोपलीभर कुटा पुरला. आईने वर चुलीतली राख आणि खडेमीठ पसरलं, आणि लगेच डोक्यावरून आंघोळ केली. मला ताकीद मिळाली, "बोललीस तर बघ."

वास थोडाच लपतो! संध्याकाळी जेवता जेवता वडील म्हणाले, "अगं, वास कसला येतोय?"

"घूस मेली असेल कुठेतरी," आई भात वाढत म्हणाली.

रविवारी कोयता सापडेना. तो धार लावायला दिलाय, असं आईने सांगितलं. त्या कोयत्याला धार लागायला अख्खा पावसाळा गेला. खोटं बोलताना आईचे कान लाल होत, म्हणून मी तिच्याकडे बघणंच टाळायची.

खालच्या झावळ्या पुढेही पिवळ्या झाल्या, पण आपल्या वेळेला, आणि वाळून आपोआप गळून पडल्या. वर नवं पान हिरवंगार निघू लागलं. दर वर्षी पावसाच्या तोंडावर आमच्याकडे एक घूस मरू लागली. वडील न चुकता वासाबद्दल विचारत आणि आई न चुकता तेच उत्तर देई.

तीन वर्षांनी माडाने पहिला घोस धरला. त्यातले दोनच नारळ टिकले. ते तयार झाल्यावर वडिलांनी स्वतः उतरवले. एक धुऊनपुसून पिशवीत ठेवला, कारण दुसऱ्या दिवशी ते आजीकडे निघणार होते. दुसरा घेऊन आई देवापुढे ठेवायला वळली, तर म्हणाले, "तो राहू दे. तो तिला दे."

"कोणाला?"

वडील पिशवीला गाठ मारत होते. मान वर न करता म्हणाले, "दर वर्षी आपल्याकडे घूस पुरायला येते, तिला."